बळ आणि औषध

बळाची हौस वाईट नव्हे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपले दंड भरावेत असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु जे जोर-बैठकांनी वर्षांत साधावयाचे ते सुईने महिन्यांत साधू पाहणाऱ्यांविषयी आम्हांला येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरोन नावाचा अंतःस्राव तयार होतो. बुटेनांट व रुझिच्का यांनी १९३५ साली तो प्रयोगशाळेत बनविला. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे ही त्याचीच भावंडे. काही रोगांत डॉक्टर ती मोजूनमापून देतात, त्याला आमची हरकत नाही. प्रश्न आहे तो निरोगी मुलांचा.

रक्तांत हा स्राव किती आहे याकडे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे लक्ष असते. बाहेरून त्याचा पुरवठा झाला की ती वृषणांना कामाचा हुकूम देणे थांबविते. मग वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात; औषध सोडल्यावरही घडी पूर्ववत बसण्यास कित्येक महिने लागतात. यांतील काही औषधांचा अंश शरीरांत स्त्री-अंतःस्रावांत बदलतो. परिणाम असा की, ज्याला भरदार छाती हवी होती त्याचे स्तन वाढतात! शिवाय हाडांच्या टोकांशी जे कूर्चेचे थर उंची वाढवितात, ते अकाली बंद होतात. एकदा ते बंद झाले की उंची पुन्हा वाढत नाही. हृदय, यकृत आणि मन यांनाही झळ लागते. औषध सुटल्यावर काहींना गाढ खिन्नता येते.

हा निव्वळ तर्क नव्हे. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजनेनुसार खेळाडूंना अशी औषधे दिली गेली. त्यांत किशोरवयीन जलतरणपटू मुलीही होत्या. गोळ्या जीवनसत्त्वांच्या आहेत, असे त्यांना सांगत. पदके मिळाली; कित्येकींचे आवाज मात्र कायमचे घोगरे झाले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना दोषी ठरविले, पण गेलेले आवाज कोणत्या निकालाने परत यावेत?

त्या मुलींना फसविले गेले. आपली मुले कोणाच्या तरी शब्दावर स्वतः पैसे मोजून ही औषधे घेतात. मुलाने ती घेतल्याचे कळले, तर पालकांनी आरडाओरडा न करता त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. रागावलेल्या घरांत मुलगा औषध सोडत नाही, लपवितो. आणि लपविलेल्या गोष्टीवर उपचार करता येत नाही.