वायफायच्या रेघा पूर्ण, तरी इशारा पोचला नाही! असं का होतं?



हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. पहाटे आपल्या सोसायटीतली एक होडी निघाली. निघण्याआधी तांडेलांनी ऑफिसच्या वायफायवर फोन जोडून हवामानाचा मेसेज बघितला. रेघा पूर्ण होत्या, मेसेजमध्ये समुद्र शांत होता. पण तो मेसेज आदल्या दिवशीचा! रात्री नवा इशारा निघाला होता, तो फोनपर्यंत आलाच नाही, कारण ऑफिसात येणारी केबल रात्रीच तुटली होती. दुसऱ्या होडीने व्हीएचएफवर हाक मारली म्हणून ती वेळेवर माघारी फिरली. सगळे सुखरूप आले, पण तेव्हाच आम्ही ठरवलं की वायफाय म्हणजे नेमकं काय, ते सगळ्यांना सांगायचं.

पहिली गोष्ट, वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट राउटरपर्यंत केबलने येतं. राउटरपासून आपल्या फोनपर्यंत ते हवेतून येतं, तेवढंच काय ते वायफाय. फोनवरच्या रेघा फक्त या शेवटच्या टप्प्याच्या असतात. बर्फ होडीत चढवायला माणसं उभी आहेत, पण बर्फाचा ट्रकच आला नाही, तसा हा प्रकार.

दुसरी गोष्ट, वायफाय हाही रेडिओच. होडीवरचा व्हीएचएफ सेट जसा बोलतो, तसेच राउटर आणि फोन एकमेकांशी बोलतात. फरक ताकदीचा आणि लहरींचा. व्हीएचएफचा 16 नंबर चॅनल 156.8 मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि होडीवरचा मोठा सेट 25 वॅटपर्यंत ताकदीने बोलतो. वायफाय 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि घरगुती राउटरची ताकद साधारण एका वॅटचा दहावा हिस्सा. म्हणून मोकळ्यावर ते शंभर मीटरच्या आसपास पोचतं, भिंती आल्या की त्याहून कमी. पत्र्याची शेड आणि लोखंडी दार ते अडवतं, पाणी ते शोषून घेतं. माणसाच्या अंगातही पाणीच जास्त, त्यामुळे लिलावाच्या गर्दीत सिग्नल पडतो. 5 गिगाहर्ट्‌झवालं वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं.

तिसरी गोष्ट, पाळीची. एका चॅनलवर दोघं एकदम बोलले तर कुणाचंच समजत नाही, हे आपल्याला शिकवायला नको. आपण आधी कान देतो, चॅनल मोकळा असला तरच बोलतो. फोनही तेच करतात. आधी ऐकतात, कुणी बोलत असेल तर थांबतात, आणि प्रत्येक जण वेगवेगळा वेळ थांबतो, म्हणजे पुन्हा टक्कर होऊ नये. टक्कर झाली तर थोडं थांबून परत बोलायचं, ही युक्ती 1971 साली हवाई बेटांवर वापरात आली. तिथल्या विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले होते. वायफायचा पहिला ठराविक नियम 1997 सालचा, पण मूळ कल्पना त्या बेटांवरची.

म्हणून तीस फोन एका राउटरवर लागले की सगळ्यांना पाळी धरावी लागते. कुणी पहाटे सिनेमा उतरवत बसला की दुसऱ्याचा इशारा रखडतो. लांब कोपऱ्यात उभा असलेला फोन तर हळूहळू बोलतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना थांबवून ठेवतो.

आता काय करायचं?

- निघण्याआधी हवामानाच्या मेसेजवरची तारीख आणि वेळ वाचा. रेघांवर जाऊ नका.
- मेसेज जुना वाटला तर वायफाय बंद करून मोबाईलच्या नेटवर बघा, नाहीतर ऑफिसात विचारा.
- राउटरजवळ या. पहाटेच्या वेळी व्हिडिओ बंद ठेवा.
- राउटर उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवा.
- जेटी सुटली की वायफाय संपलं, आणि थोडं पुढे गेलं की मोबाईलही. तिथून व्हीएचएफच आपला सोबती. सेट चार्ज आहे ना, 16 वर ऐकू येतं ना, हे बांधावरच तपासा.
- ज्यांच्याकडे जेमिनी यंत्र आहे, त्यांनी ते घरी ठेवू नये. ते इशारा उपग्रहावरून घेतं आणि फोनला ब्लूटूथने देतं. ब्लूटूथही वायफायसारखाच जवळचा रेडिओ, पण बातमी वरून येते, म्हणून केबल तुटली तरी अडत नाही.
- अडचणीत मोबाईलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 लावा.

घरच्या माणसांनीही हे वाचावं. होडी निघताना डबा दिला का विचारता, तसंच विचारा, "मेसेज आजचाच बघितला ना?"

आपल्या तांडेलांना आणि खलाशांना ही पोस्ट पाठवा. काही शंका असेल तर खाली लिहा, नाहीतर ऑफिसात या, बसून बोलू.