बंधारा उभा आहे, पण पुळण कुठे गेली?

"बंधारा बांधून वीस वर्षं झाली, एक दगड हलला नाही. याला म्हणतात काम!" उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकण फिरून आलेल्या मंडळींकडून हे वाक्य मी इथे, जबलपूरच्या मदन महल भागात, दरवर्षी ऐकतो. कोकणात राहणारे नातेवाईक फोनवर तेच सांगतात आणि उद्घाटनाच्या भाषणांतही तेच असतं. दगडावर भरवसा ठेवायला आमच्या टेकडीनेही हातभार लावला आहे. मदन महलच्या किल्ल्याजवळ एका ग्रॅनाइटच्या शिळेवर दुसरी अवाढव्य शिळा जेमतेम टेकून उभी आहे. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, घरं पडली, माणसं गेली, पण ती शिळा जागची हलली नाही. ती पाहत वाढलेल्या माणसाला समुद्रकाठच्या बंधाऱ्याचे दगडही तसेच भक्कम वाटले, तर त्याचा दोष नाही. समज मात्र चुकीचा आहे, आणि या समजावर सार्वजनिक पैसा खर्च होतो, म्हणून तो नीट खोडून काढायला हवा.

मोठा गैरसमज: बंधारा टिकला, म्हणजे तो यशस्वी झाला.

वस्तुस्थिती: धूपप्रतिबंधक बंधारा धूप थांबवण्यासाठी बांधतात. तेव्हा पहिला प्रश्न धूप थांबली का, हाच असायला हवा. दगड जागेवर आहेत की नाहीत, हा त्यानंतरचा प्रश्न.

भिंत तिच्या मागची जमीन राखते. समोरची वाळू राखण्याची कोणतीही सोय तिच्यात नसते. किनारा आधीपासूनच मागे सरकत असेल, तर भिंत घातल्यावर जमिनीची कड तेवढी एका जागी खिळते. समुद्र येतच राहतो. मधली पुळण अरुंद होत जाते आणि एक दिवस भरतीचं पाणी थेट दगडांना लागतं. किनारा-अभ्यासक याला निष्क्रिय धूप म्हणतात. या सगळ्या काळात एकही दगड हललेला नसतो. कागदावर काम उत्तम असतं. पण होड्या ओढून ठेवायला, मासळी वाळत घालायला, सिंधुदुर्गात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला पुळण उरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२पासून कासवांची घरटी राखली जातात. मादी कासवाला अंडी घालायला कोरडी, मोकळी वाळू लागते. दगडांच्या ढिगाऱ्यावर ती चढू शकत नाही. पुळण गेली म्हणजे रोजगार गेला आणि जीवनचक्रही तुटलं. हे नुकसान बंधाऱ्याच्या हिशेबात धरायचं नाही, असं कोणी ठरवलं?

आता बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊ, कारण खरी गोष्ट तिथे घडते आणि ती वरून दिसत नाही. उतरत्या पुळणीवर लाट पसरते आणि दमते. दगडी भिंतीवर ती आपटते, तिचा काही भाग मागे परततो, आणि या येरझारीत पायथ्याची वाळू उकरली जाते. तिथे पाण्याची खोली वाढते. किनाऱ्याजवळ लाट किती उंच राहू शकते हे खोलीवर ठरतं. ढोबळमानाने खोलीच्या आठ दशांश उंचीपर्यंतच ती न फुटता येऊ शकते. पायथ्याशी दीड मीटर पाणी असेल, तर सुमारे सव्वा मीटरची लाट भिंतीपर्यंत पोचते. पायथा उकरला जाऊन पाणी तीन मीटर झालं, की अडीच मीटरच्या आसपासची लाट पोचते.

लाट दुप्पट झाली, म्हणून दगड दुप्पट वजनाचा असून भागत नाही. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातल्या हडसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेलं सूत्र आजही जगभर वापरतात. त्यानुसार दगडाचं लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. उंची दुप्पट झाली, तर वजन आठपट. जिथे अर्ध्या टनाचा दगड पुरत होता, तिथे आता चार टनांचा हवा. बंधाऱ्यात दगड मात्र तेच जुने, अर्ध्या टनाचे आहेत. म्हणजे जो बंधारा वर्षानुवर्षं 'जसाच्या तसा' दिसतो, तो आतून दरवर्षी कमकुवत ठरत असू शकतो. फुटण्याच्या आदल्या दिवशीही बंधारा उभाच असतो. उभा आहे एवढ्यावरून शाबासकी देणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

मदन महलच्या शिळेचा दाखला देणाऱ्यांनी तिच्या खाली वाकून पाहावं. ती टिकली, कारण तिच्या खाली तोच ग्रॅनाइट आहे. समुद्रकाठचा दगड वाळूवर बसतो. दगड आणि वाळू यांच्यामध्ये लहान दगडांचा चाळणथर किंवा जिओटेक्स्टाइलचं कापड घालावं लागतं, नाहीतर प्रत्येक लाट परत जाताना दगडांच्या फटींतून खालची वाळू ओढून नेते. या थरात काटकसर झाली, तर वरून काहीच कळत नाही. बंधाऱ्याचा माथा मात्र हळूहळू खाली बसतो. उधाणाचं पाणी रस्त्यावर यायला लागलं, की सगळे म्हणतात, समुद्र वर आला. माथ्याची मूळ उंची आणि आजची उंची कोणी ताडून पाहत नाही. ती मोजणं एका दिवसाचं काम आहे.

आणखी एक बाजू शेजाऱ्याची. भिंत संपते तिथे धूप संपत नाही, अनेकदा वाढते. पुदुच्चेरीत १९८०च्या दशकात बंदराचे लाटरोधक बांध झाले, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारी वाळू अडली आणि शहरापुढची पुळण नाहीशी झाली. शहर वाचवायला दगडांची भिंत घातली. भिंत टिकली, रस्ता वाचला. धूप उत्तरेकडे सरकून तमिळनाडूच्या मच्छीमार गावांत शिरली आणि मग त्या गावांतही दगड टाकावे लागले. चेन्नईत हेच शतकभर आधी घडलं होतं: बंदराच्या दक्षिणेला मरीना बीच रुंदावला, उत्तरेला रोयापुरमचा किनारा धुपला. पुदुच्चेरीच्या भिंतीचं मूल्यमापन फक्त शहराच्या हद्दीत केलं, तर ती यशस्वी ठरते. हद्द ओलांडून केलं, तर हिशेब उलटा निघतो. २०१८नंतर तिथे पाण्याखाली कृत्रिम प्रवाळभिंतीसारखी रचना बसवली गेली आणि शहरापुढे पुळण परतू लागली. तिचा हिशेबही उत्तरेकडची गावं धरूनच करायला हवा.

आपल्याकडचं ठळक उदाहरण रत्नागिरीजवळचं मिऱ्या. तिथला जुना बंधारा पावसाळ्यात ठिकठिकाणी ढासळायचा, पुन्हा दगड पडायचे, पुढच्या उधाणात ते पुन्हा सरकायचे. किनारासंरक्षणासाठी एशियन डेव्हलपमेंट बँकेने २०१०मध्ये जो कार्यक्रम मंजूर केला, त्याच्या पहिल्या टप्प्यात कर्नाटकातल्या उल्लाळबरोबर मिऱ्याचाही समावेश होता. अलीकडे तिथे सुमारे साडेतीन किलोमीटरच्या नव्या बंधाऱ्याचं काम हाती घेतलं गेलं, टेट्रापॉडसह. अशा ठिकाणी दरवर्षी टाकलेला प्रत्येक दगड मूळ बंधाऱ्याच्या खर्चात धरला पाहिजे. दुरुस्ती वेगळी आणि बांधकाम वेगळं असा हिशेब ठेवला, की प्रत्येक वेळी काम नवं आणि स्वस्त दिसतं.

मग बंधारे बांधायचेच नाहीत का? असं मी म्हणत नाही. मालवणजवळचं देवबाग एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं आहे. तिथल्या माणसाला मागे सरका म्हणून सांगायचं, तर मागे नदी आहे. भिंत आली की पुळण गेलीच, असं ठोकून देणंही चूक आहे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या काठी ग्रिग्ज आणि टेट यांनी सात वर्षं भिंतीसमोरची आणि शेजारची पुळण मोजली. हिवाळी वादळांत भिंतीसमोरची वाळू लवकर गेली, पण उन्हाळ्यापर्यंत दोन्हीकडची पुळण बरीचशी सारखी भरून आली. सात वर्षं मोजली म्हणून ते हे सांगू शकले. दोन फोटो पाहून सांगितलं नाही.

फोटोंचा मुद्दा कोकणात फार महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर लाटांच्या माऱ्याने वाळू खोल पाण्यात जाते आणि ऑक्टोबरनंतर हळूहळू परत येते. बांधण्याआधीचा फोटो ऑगस्टमधला आणि नंतरचा मे महिन्यातला लावला, तर कोणताही बंधारा चमत्कार वाटेल. उलट लावला, तर कोणताही बंधारा गुन्हेगार ठरेल. खरी तुलना एकाच ठरलेल्या खुणेपासून, दरवर्षी त्याच महिन्यांत, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या आतपर्यंत किनाऱ्याचा उभा छेद मोजूनच होते. नेदरलँड्समध्ये अशी मोजणी १९६५पासून दरवर्षी, संपूर्ण किनाऱ्यावर चालू आहे. म्हणून तिथे चर्चा आकड्यांवर होते.

आपल्याकडे राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने उपग्रहचित्रांवरून १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपतो आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.५ टक्के आहे, आणि ६४.६ टक्के किनारा स्थिर आहे. हा अभ्यास मोलाचा आहे, पण तो किनाऱ्याची रेषा सांगतो. भिंतीने रेषा धरून ठेवली, तर वरून ती स्थिरच दिसणार. तिच्या पायथ्याशी किती खोल गेलं, हे कळायला पाण्यात उतरावं लागतं. "महाराष्ट्राचा दोन तृतीयांश किनारा सुरक्षित आहे" असा अर्थ या आकड्यातून काढू नये.

आणखी काही समज, थोडक्यात

"टेट्रापॉड टाकले की समुद्र अडतो." १९५०मध्ये फ्रान्समध्ये शोधलेले हे चौपायी ठोकळे एकमेकांत अडकून लाटेचा जोर मोडतात. वाळू आणून देणं किंवा धरून ठेवणं त्यांच्या कामात मोडत नाही. मरीन ड्राइव्हवर ते रस्ता आणि कठडा सांभाळतात, पुळण नव्हे.

"दगड ढासळले म्हणजे भ्रष्टाचार." भ्रष्टाचार असेल तर तो जरूर पकडावा. पण दगडांचा बंधारा थोडा हलून बसावा, असाच रचलेला असतो. अमेरिकी लष्कराच्या किनारासंरक्षणाच्या नियमपुस्तिकेत बाह्य थराचे पाच टक्क्यांपर्यंत दगड हलले, तरी 'नुकसान नाही' असंच धरलं आहे. किती हलले, हे मोजल्याशिवाय आरोपही पोकळ आणि बचावही पोकळ.

"खडकवासल्यात मॉडेल तपासलंय, आता चिंता नाही." खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ही १९१६पासूनची मान्यवर संस्था आहे. पण कोणतंही मॉडेल ठरावीक लाट आणि ठरावीक खोली धरून तपासलं जातं. बांधल्यानंतर पायथ्याची खोली बदलली, की चाचणीतली परिस्थितीच बदलते.

"सुरूची झाडं लावा, धूप थांबेल." सुरू वाऱ्याने उडणारी वाळू अडवतो. लाटेने मुळांखालची वाळू काढली, की तो आडवा होतो.

"सगळी धूप हवामान बदलामुळे." समुद्राची पातळी वाढते आहे, यात शंका नाही. पण नद्यांवरची धरणं, खाडीतला वाळूउपसा आणि बंदरांचे बांध हेही किनाऱ्याला मिळणारी वाळू तोडतात. ही कारणं आपल्या हातातली आहेत.

"वाळूची भर घालणं म्हणजे पैसा पाण्यात." नेदरलँड्सने २०११मध्ये एका ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू ओतली आणि ती कुठे जाते, याची मोजणी सुरू ठेवली. कोकणात हे कुठे जमेल, हे जवळपास योग्य जाडीची वाळू मिळते का, यावर ठरेल. न तपासता नाही म्हणू नये.

मग विचारायचं काय?

गावात बंधाऱ्याचं काम येईल, तेव्हा ग्रामसभेत पाच गोष्टी विचारा. बांधण्याआधी किनाऱ्याचे छेद घेतले आहेत का? माथ्याची उंची आणि पायथ्याची खोली दरवर्षी कोण मोजणार? दोन्ही टोकांपलीकडच्या पुळणीची मोजणी आराखड्यात आहे का? आधीच्या बंधाऱ्यावर दुरुस्तीसह एकूण किती खर्च झाला? आणि दहा वर्षांनी पुळण किती रुंद असेल, असा अंदाज लेखी दिला आहे का? यांतल्या कोणत्याही प्रश्नाला तज्ज्ञपणा लागत नाही, आणि मोजणीचा खर्च दगडांच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

मागच्या कामाची मोजणी दाखवल्याशिवाय पुढच्या कामाचं टेंडर निघू देऊ नका. ज्या बंधाऱ्याचं कधी मोजमापच झालं नाही, त्याला यशस्वी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि अपयशी म्हणायचं असेल, तरी आधी मोजावंच लागेल.