पिक्सेल-चित्रांचे खेळ : रचना आणि विक्री

पडद्यावरील प्रतिमा ज्या बारीक चौकोनी बिंदूंची बनलेली असते, त्यांस पिक्सेल म्हणतात. एरवी हे बिंदू डोळ्यांस जाणवू नयेत अशीच खटपट केली जाते. ‘पिक्सेल आर्ट’मध्ये मात्र ते मुद्दाम ठळक ठेवून, एकेक बिंदू मोजून चित्र भरले जाते. १९८० च्या दशकात ही यंत्राच्या तोकड्या स्मृतीमुळे आलेली सक्ती होती; आज मोबाइलच्या पडद्यावर लक्षावधी बिंदू उपलब्ध असताही ती आपखुशीने पत्करली जाते. एकट्या निर्मात्यास थोड्या खर्चात काम तडीस नेता येते, हे त्याचे कारण सर्रास सांगण्यात येते. ते खोटे नव्हे, अपुरे आहे.

ओजिरो फुमोतो या जपानी तरुणाने रचलेला ‘डाउनवेल’ हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनसाठी व संगणकासाठी, आणि जानेवारी २०१६ मध्ये अँड्रॉइडसाठी प्रसिद्ध झाला. एक मुलगा विहिरीत खोल खोल पडत जातो. त्याच्या बुटांना बंदुका जडविलेल्या आहेत. मोबाइल उभा धरावयाचा आणि विहीरही मुळात उभीच, तेव्हा पडद्याची अडचण येथे कथानकच होऊन बसली आहे. उडी व गोळीबार या दोन्ही क्रिया एकाच कळीने होतात: पाय टेकलेले असता उडी, अधांतरी असता गोळी. संदर्भावरून अर्थ ठरण्याचा हा प्रकार भाषेच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये. रंग प्रारंभी तीनच असतात, काळा, पांढरा व तांबडा. तांबड्या शत्रूवर पाय दिल्यास खेळाडूसच इजा होते. त्यास गोळीनेच टिपावे लागते. म्हणजे तांबडा रंग शोभेपुरता नाही. ‘दार’ आणि ‘धार’ या शब्दांत महाप्राणत्व जे कार्य करते, तेच येथे तो करतो. रंगांचा साठा लहान राखल्यामुळेच त्यांतील भेद अर्थभेदक होऊ शकला. शंभर छटा वापरल्या असत्या, तर क्षणार्धात निर्णय घेणाऱ्यास त्यांतून काय वाचता आले असते?

विक्रीचे गणित इतके सुबक नाही. ‘डाउनवेल’ सुमारे तीन डॉलरांस, एकदाच मोल घेऊन व जाहिरातींवाचून विकला गेला. ॲपल व गूगल यांच्या दुकानांची अडत पूर्वी सरसकट शेकडा ३० होती. २०२१ पासून लहान निर्मात्यांना, वर्षाला दहा लक्ष डॉलरांच्या मर्यादेत, शेकडा १५ ची सवलत मिळाली. तथापि खरी अडचण अडतीची नसून नकलेची आहे. थोडक्या सामग्रीत जे रचता येते, ते थोडक्या श्रमात उचलताही येते. लुका गालान्ते या इटालियन निर्मात्याचा ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’ २०२२ मध्ये संगणकावर गाजला. त्याची मोबाइल आवृत्ती निघण्यापूर्वीच, मूळ चित्रे व संकेतसुद्धा उचलून केलेल्या हुबेहूब नकला मोबाइलच्या दुकानांत येऊन बसल्या. परिणामी डिसेंबर २०२२ मध्ये मूळ खेळ घाईने, आणि तोही मोफत, प्रसिद्ध करावा लागला. जाहिरात पाहणे न पाहणे खेळाडूच्या मर्जीवर सोडले. मोल ठेवले ते मागाहून आलेल्या पुरवणी-भागांना.