उंची तीन फूट नऊ इंच, कारकीर्द सत्तर वर्षे

१९३३ साली हॉलिवूडमध्ये ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ हा संगीतपट आला. त्यातल्या एका गाण्यात बागेत पाऊस कोसळतो, भिजलेल्या नर्तकी पडद्याआड कपडे बदलू लागतात आणि एक खट्याळ तान्हे बाळ तो पडदा वर ओढू पाहते. हे ‘बाळ’ प्रत्यक्षात आठ वर्षांचे होते. त्याचे नाव बिली बार्टी.

विल्यम जॉन बर्टांझेटी हे त्याचे मूळ नाव. जन्म २५ ऑक्टोबर १९२४, पेनसिल्व्हेनियातील मिल्सबरो येथे. कूर्चा आणि केस यांच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकारामुळे त्याची उंची तीन फूट नऊ इंचांवर थांबली. बुद्धीशी या विकाराचा काही संबंध नसतो. १९२७ पासून तो मूकपटांत दिसू लागला. मिकी रूनी नायक असलेल्या ‘मिकी मॅग्वायर’ या लघुपटमालिकेत तो नायकाचा धाकटा भाऊ झाला. चित्रपटवाल्यांची सोय उघड होती. खऱ्या तान्ह्या बाळाला दिग्दर्शकाची सूचना कळत नाही, आठ वर्षांच्या हुशार मुलाला ती कळते आणि गाण्याचा तालही सांभाळता येतो.

मोठेपणी मात्र हीच सोय अडचणीची ठरली. चरित्र अभिनेत्याचा चेहरा प्रेक्षक ओळखतात, नाव त्यांना आठवत नाही, असे आपण म्हणतो. खुज्या नटाच्या वाट्याला बहुधा चेहरादेखील येत नाही. परीकथेतला बुटका, परग्रहावरचा प्राणी, नाहीतर विनोदापुरता आणलेला माणूस, या तीन साच्यांतच त्याच्यासाठी भूमिका लिहिल्या जात. बार्टीने तिन्ही साचे वर्षानुवर्षे वापरले. ‘सिग्मंड अँड द सी मॉन्स्टर्स’ या १९७३ च्या मालिकेत तो सागरी राक्षसाच्या पोशाखात होता, तर ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’मध्ये (१९८७) ग्विल्डॉरच्या रबरी मुखवट्याआड. पडद्यावर तो सतत होता, पण प्रेक्षकांना दिसत होता असे म्हणवत नाही.

तरीही काही भूमिकांनी त्याला माणूस म्हणून उभे राहू दिले. ‘द डे ऑफ द लोकस्ट’मधला (१९७५) एब क्युसिक चिडका, भांडखोर आणि मानी आहे. तो कुणाची दया मागत नाही. ‘फाउल प्ले’ (१९७८) तर प्रेक्षकांच्या पूर्वग्रहावरच उभा आहे. ‘बुटक्या’पासून सावध राहा, असा इशारा नायिकेला मिळालेला असतो. दारी आलेल्या निरुपद्रवी विक्रेत्यालाच ती मारेकरी समजते आणि बिचारा रुग्णालयात पोहोचतो. ‘बुटका’ हे टोपणनाव असलेला खरा गुन्हेगार चारचौघांइतक्याच उंचीचा निघतो. मार खाणारा विक्रेता म्हणजे बार्टी. हसू त्याच्या आपटण्याचे येते हे खरे, पण चूक नायिकेची आणि तिच्याबरोबर आपलीही असते.

पडद्याबाहेर बार्टीने वेगळे काम उभे केले. १९५७ मध्ये त्याच्या आवाहनावरून नेवाडातील रीनो शहरात वीसेक खुजी माणसे जमली. त्यातून ‘लिटल पीपल ऑफ अमेरिका’ ही संघटना वाढली. स्वतःसारखे दुसरे माणूस आयुष्यात कधी पाहिलेच नाही, अशा लोकांना तिने एकत्र आणले. चार फूट दहा इंच ही संघटनेची उंचीची मर्यादा आहे. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही खुजेपणाची मर्यादा तीच, म्हणजे १४७ सेंटिमीटर आहे. १९७५ मध्ये बार्टीने स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठानही स्थापन केले.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. सन्मानासाठी झगडणाऱ्याने थट्टेच्या भूमिका का स्वीकाराव्यात? २०११ साली एमी पारितोषिक मिळवणाऱ्या पीटर डिंक्लेजने उमेदवारीच्या काळात असल्या भूमिका नाकारल्या. तो निर्धार कौतुकास्पद आहे. पण बार्टी ज्या काळात उभा राहिला, तेव्हा नकार देणे म्हणजे बहुधा व्यवसायच सोडणे होते. त्याने काम सोडले नाही. त्या कामाने मिळालेली ओळख त्याने संघटनेसाठी खर्च केली. दोघांचे मार्ग वेगळे, पण नंतरच्या नटाला नाही म्हणण्याइतकी जागा मिळाली, त्यात आधीच्या पिढीच्या चिकाटीचाही वाटा आहे.

‘विलो’ (१९८८) या चित्रपटात बार्टी गावचा वृद्ध मांत्रिक आहे. जगावर सत्ता चालवणारी शक्ती कोणत्या बोटात आहे, असे विचारून तो आपला पंजा उमेदवारांपुढे धरतो. प्रत्येक जण त्याच्याच बोटांपैकी एक निवडतो आणि नापास होतो. खरे उत्तर असते, स्वतःचे बोट. विलोला ते सुचलेले असते, पण सांगायचा धीर झालेला नसतो. हा प्रश्न विचारणारा नट तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. दाढी लावलेली होती, पण चेहरा उघडा होता. २३ डिसेंबर २००० रोजी त्याचे निधन झाले.