आधी ऊब, मग औषध

घारीच्या नखांतून सुटून पडलेलं कोंबडीचं पिल्लू बहुधा ओरडत नाही. डोळे मिटून, मान टाकून पडून राहतं आणि बघणारा म्हणतो, गेलं. पुष्कळदा ते गेलेलं नसतं, धक्क्याने आणि गारठ्याने गळाठलेलं असतं.

पाटण भागात माझ्या आत्याच्या अंगणात असं एक पिल्लू मी जवळून पाहिलं. अंड्यातून निघून जेमतेम आठवडा झालेला. पाठीची कातडी रुपयाएवढी उचकटलेली, उजवा पाय गुडघ्याखाली लोंबकळणारा. शेजारच्या काकू मूठभर हळद घेऊन धावत आल्या. आत्या म्हणाली, "हळद ऱ्हाऊ द्या वहिनी. आधी उबंला ठिवू, मग बघू काय ते."

तिचं बरोबर होतं. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही. ती कोंबडीच्या पोटाखाली मिळते. पहिल्या आठवड्यात त्याच्या आसपास 35 अंशांच्या जवळपास उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी चालते. जखमी पिल्लू गारठलं की औषध कितीही चांगलं असो, उपयोग शून्य.

आत्याने चपलांचा खोका घेतला, तळाला गोणपाट अंथरलं. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून धड पिल्लंसुद्धा फेंगडी होतात. एका कोपऱ्यावर जुना 40 वॅटचा पिवळा दिवा टांगला. हल्लीचे एलईडी इथे कुचकामी, त्यांच्यापासून ऊब मिळत नाही. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. खोक्याची दुसरी बाजू मात्र गारच हवी. पिल्लू चोच उघडून धापा टाकू लागलं, पंख अंगापासून दूर धरू लागलं, तर दिवा वर घ्यायचा. दिव्याखालीच चिकटून चिवचिवत राहिलं, तर खाली.

तासाभराने त्याने डोळे उघडले. तेव्हा कुठे पाणी. तेही चमच्याने घशात ओतायचं नाही. पिल्लाच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब लावला की ते आपणच चोच हलवून गिळतं. पाण्यात गुळाचा कण आणि मिठाची चिमूट पुरे.

मग जखम. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात लहान चमचा मीठ, त्याने माती-केस धुऊन काढले. पिल्लू हातात धरताना आत्याची बोटं सैल होती. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छाती हलली तरच हवा आत जाते. मायेने आवळून धरलेलं पिल्लू तिथेच गुदमरतं. फाटलेली कातडी तिने बोटाने हलकेच जागेवर सरकवली आणि बीटाडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं. हळदीबद्दल माझं मत सांगतो: जनावराच्या जाड कातडीवर ठीक, पण इथे सुक्या पुडीची खपली धरते आणि पू तिच्याखाली दबून राहतो. तंबाखूची भुकटी तर विषच. मोठा वैरी म्हणजे माशी. जखमेवर माशी बसू दिली की दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा.

पायाला ज्यूसच्या डब्याची नळी उभी चिरून, कापसाचा पातळ थर देऊन बसवली, वरून कागदी चिकटपट्टी. हाड चोळून बसवायच्या भानगडीत आत्या पडली नाही. बोटं सुजली किंवा निळसर झाली तर पट्टी घट्ट झाली, ती लगेच सोडायची. एरवीही दोन-तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी लागते, कारण पिल्लू रोज वाढतं आणि पट्टी वाढत नाही. कोवळं हाड दोनेक आठवड्यांत सांधतं, कधी थोडं वाकडं. वाकड्या पायाची कोंबडी अंडी घालायला कमी पडत नाही.

खायला ज्वारीचा बारीक भरडा, कण्या, उकडलेल्या अंड्याचा बलक. एकटं पिल्लू ओरडून ओरडून दमतं, म्हणून सोबतीला दुसरं ठेवावं, पण जखम सुकल्यावरच. लाल दिसलं की भावंडं तिथेच टोचतात, आणि एकदा रक्ताची चव लागली की थांबत नाहीत. जेन्शन व्हायोलेटचं जांभळं बोट फिरवलं की लाली झाकली जाते. कोंबडीकडे परत पाठवायचं ते रात्री, अंधारात, हळूच पोटाखाली सरकवून. दिवसा सोडलं तर ती कधी कधी स्वतःच्याच पिल्लाला परकं समजून हाणते.

हा सगळा खटाटोप जखमेसाठी, आजारासाठी नव्हे. अंगावर ओरखडाही नाही आणि पायाची बोटं आत मुडपलेली, तर बहुधा ब-2 जीवनसत्त्व कमी पडलंय. तिथे पट्टी नव्हे, खाद्य बदला. आणि एकापाठोपाठ एक पिल्लं मान टाकू लागली, हगवण, धाप, मान वळणं दिसलं, तर राणीखेत किंवा त्याहून वाईट काही असू शकतं. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नका. अशी पिल्लं घरात आणू नका, उघड्या हाताने उचलू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.