दंडावरची खूण आणि तिच्या नावावर खपवलेल्या गोष्टी

डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, नखाएवढा खळगा. घरातल्या सत्तरीच्या आजोबांना विचारा, ते ‘देवीची लस’ म्हणतील आणि बहुधा बरोबर असतील. तिशीतला नातूही तेच सांगतो, तो मात्र चुकतो. भारतातून देवी १९७५ मध्ये गेली आणि पुढे ती लसही बंद झाली. नातवाच्या दंडावरची खूण बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीची.

हा गोंधळ निरुपद्रवी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात मात्र त्याच खुणेवरून एक निरोप फोनाफोनी फिरला: आपल्याकडे सगळ्यांनी लहानपणी बीसीजी घेतलीय, आपल्याला कोरोनाची भीती नाही. तो थोतांड म्हणून सोडून द्यावा, तर त्याच्या मुळाशी खरे शास्त्र होते. फक्त ते अर्ध्यातच तोडून पुढे ढकलले होते.

एक लस, एक रोग, एवढाच हिशेब आपण शाळेत शिकलो. शरीराच्या दोन फळ्या. पहिली उपजत. ती कोणताही जंतू दिसला की तुटून पडते, पण तिला काही आठवत नाही. दुसरी अनुभवातून शिकते, शत्रूचा चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवते, आणि लस शिकवते ती या दुसरीला. यातले ‘पहिलीला काही आठवत नाही’ हे वाक्य आता खोडावे लागते.

शंकेला सुरुवात फार आधी झाली होती. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या फ्रेंच संशोधकांनी गाईला होणाऱ्या क्षयाचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला. १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे, तब्बल २३० वेळा त्याला नव्या कापांवर हलवले, तेव्हा कुठे तो रोग देईनासा झाला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला तो पाजला. हो, तेव्हा ही लस तोंडावाटे देत. मग स्वीडनच्या उत्तरेकडील नोरबोटन प्रांतात कार्ल नेसलुंड या डॉक्टरांनी मृत्यूंची नोंद तपासली. लस घेतलेल्या मुलांमधले मृत्यू न घेतलेल्यांच्या जवळपास एक तृतीयांश होते. केवळ क्षय टळल्याने एवढा फरक पडणे शक्य नव्हते. अर्थात, बाळाला लस देणारी घरे इतर बाबतीतही सावध असणार, हा आक्षेप रास्त होता. म्हणून पुढची कित्येक दशके हे निरीक्षण तसेच पडून राहिले.

उत्तर सापडू लागले ते नेदरलँड्सच्या नायमेखन शहरात. मिहाई नेटेआ आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना बीसीजी टोचली आणि आधीचे व नंतरचे रक्त तपासले. त्यातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींसमोर त्यांनी क्षयाशी काडीचाही संबंध नसलेले जंतू ठेवले, त्यांत एक बुरशीही होती. लशीनंतरच्या पेशी आधीपेक्षा कितीतरी जोराने धोक्याचे रासायनिक इशारे सोडत होत्या, तीन महिन्यांनंतरही. दुसरी फळी जन्मतःच नसलेल्या उंदरांनाही लशीमुळे त्या बुरशीपासून बचाव मिळाला. म्हणजे ही करामत पहिल्या फळीचीच होती. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नेटेआंनी या गुणाला नाव दिले होते, प्रशिक्षित प्रतिकारशक्ती. आपल्याकडे ‘तालमीतली’ म्हटले तरी चालेल. पैलवान जोर-बैठका काढतो तेव्हा पुढच्या कुस्तीत समोर कोण असेल हे त्याला कुठे माहीत असते?

हे घडते कसे? पेशीतला डीएनएचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. बीसीजीमुळे या रिळांवर रासायनिक खुणा उमटतात आणि बचावाच्या जनुकांपाशी गुंडाळी सैल होते. पुढच्या वेळी धागा शोधत बसावे लागत नाही. पण मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगते, मग परिणाम महिनोन्‌महिने कसा टिकतो? कारण तालीम हाडांच्या मगजापर्यंत पोहोचते, जिथे या पेशी जन्माला येतात. हे आधी उंदरांत दिसले, मग माणसांत.

मात्र तालीम सोडली की अंगही सुटते. हा परिणाम काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षांचा समजला जातो. चाळिशीतला माणूस जन्मल्या-जन्मल्या टोचलेल्या लशीच्या जोरावर कोरोनाला भिडेल, ही अपेक्षाच चूक होती. इस्रायलने १९८२ मध्ये सर्व बालकांना बीसीजी देणे थांबवले. तिथे त्याआधी आणि त्यानंतर जन्मलेल्या तरुणांची तुलना झाली, तेव्हा कोरोनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

मग ताजी टोचून घेतली तर? मेलबर्नच्या संशोधकांनी सुमारे चार हजार आरोग्य कर्मचाऱ्यांवर हेच करून पाहिले. सहा महिन्यांत लक्षणांसह कोरोना झालेले बीसीजी गटात १४.७ टक्के, खोटे इंजेक्शन घेतलेल्यांत १२.३ टक्के. फायदा नाही. उलट ग्रीसमध्ये, रुग्णालयातून घरी परतलेल्या पासष्टीपुढच्या १९८ जणांमध्ये नवे जंतुसंसर्ग खोट्या इंजेक्शननंतर ४२.३ टक्क्यांना झाले, बीसीजीनंतर २५ टक्क्यांना. दोन्ही चाचण्या नीट केलेल्या. मला यातून एवढेच दिसते की परीक्षानळीत पेशी चवताळली म्हणजे माणूस वाचला, असे समीकरण मांडता येत नाही. ‘इम्युनिटी वाढवायला’ म्हणून बीसीजी घ्यायची का, याचे उत्तर त्यामुळे नाही असेच आहे. लस जिवंत जंतूंची आहे. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला ती बाधू शकते.

खुद्द क्षयाबाबतही आपली समजूत सैल आहे. लहान मुलांतला मेंदूच्या आवरणाचा आणि अंगभर पसरणारा क्षय ही लस चांगला रोखते. मोठ्यांच्या फुप्फुसातल्या क्षयाचे तसे नाही. तमिळनाडूतील चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत, पंधरा वर्षे वाट पाहूनही, त्यापासून संरक्षण दिसले नाही.

आणि खूण उमटलीच नाही तर? पुन्हा टोचायची गरज नाही. उमटताना फोड येतो, फुटतो, पाणी वाहते. त्यावर हळद, तेल, मलम काही लावायचे नाही.

नवजात बाळांचे कोडे अजून सुटायचे आहे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये पीटर आबी यांच्या गटाने कमी वजनाच्या बाळांना जन्मतःच बीसीजी दिली. तीन चाचण्या एकत्र पाहता पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. पुद्दुचेरी आणि चेन्नईत दोन किलोंहून हलक्या बाळांवर तसेच करून पाहिले, तर फरक पडला नाही. तिकडे वाण डॅनिश होता, इकडे रशियन. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी बीसीजीही रशियन वाणाचीच. जगभरच्या प्रयोगशाळांनी एकच मूळ जंतू वर्षानुवर्षे वेगवेगळा वाढवला, त्यामुळे आज ‘बीसीजी’ हे एकाच आडनावाचे मोठे कुटुंब झाले आहे. डेन्मार्कमध्ये तर वाण डॅनिशच होता, तरीही लस घेतलेली बाळे काही कमी वेळा रुग्णालयात गेली नाहीत. अपवाद निघाला तो ज्यांच्या आयांनाही कधीकाळी बीसीजी टोचलेली होती त्या बाळांचा. त्यांना सुमारे एक तृतीयांश कमी वेळा दाखल करावे लागले. आईच्या दंडावरच्या खुणेने बाळाच्या लशीला नेमकी काय मदत केली, याचा शोध आता सुरू आहे.