आधी निरवानिरव, मग निजानीज

विजेचे आणि माझे सख्य दिव्याचे बटण दाबण्यापलीकडे कधी गेले नाही. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! तेव्हा मी सर्किटावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका बोटाने आत्याच्या सतरा ओव्या पुसल्या आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मानगुटीस बसला आहे.

त्याचे असे झाले. माझ्या भाच्याने हातात मावेल असा एक संगणक घरीच जुळवला. आत ‘रास्पबेरी पाय झिरो’ नावाची साडेसहा सेंटिमीटर लांबीची पट्टी, वर इवलासा पडदा, एक माइक, पाठीशी लिथियमची बॅटरी आणि कडेला एक सरकते बटण. “मामा, आत्याआजीच्या ओव्या यात भरून आणा,” तो म्हणाला. आत्याचे वय ब्याऐंशी. जाते केव्हाच परसात गेलेले. तरी हात गोल फिरवल्याखेरीज तिला ओवी आठवेना. दिवेलागणीला ती थांबली. मी बटण सरकवले. पंखा बंद करावा, तितक्या सहज!

सकाळी यंत्र उठेना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग तेवढी उभी. पुढे भाच्याने कार्ड तपासले, तर ओव्यांची फाइल रिकामी.

“मामा, तुम्ही वाण्याच्या हातातली लेखणी हिसकावलीत,” तो म्हणाला. वाणी गिऱ्हाइकांच्या गर्दीत आकडे आधी पाटीवर टिपतो, सवडीने वहीत उतरवतो. संगणकही तसेच करतो. लिहायचा मजकूर काही काळ स्मृतीत साठवून मग कार्डावर उतरवतो. स्मृती विजेवर जगते. वीज तोडली की पाटी कोरी, आणि वहीतली ओळ अर्धवट. कधी कधी तर वहीची अनुक्रमणिकाच फाटते.

भाच्याने आधी सोपा उपाय केला. बटण दाबल्यावर संगणकाला निरोप जावा आणि वीस सेकंदांनी वीज आपोआप तुटावी. चार दिवस ठीक चालले. पाचव्या दिवशी संगणकाला आवरायला पंचवीस सेकंद लागले! घड्याळाला काय ठाऊक, आत किती आवराआवर उरली आहे ती?

मग त्याने ती जबाबदारी संगणकावरच सोपवली. बॅटरीच्या वाटेत त्याने मॉस्फेट नावाचा विजेचा द्वारपाल बसवला. बटण दाबले की द्वारपाल दार उघडतो. बोट काही सेकंद तसेच ठेवायचे. तेवढ्यात संगणक जागा होतो आणि आपल्या एका तारेवर दाब चढवून, मध्ये एक ट्रान्झिस्टर घालून, दार स्वतःच धरून ठेवतो. मग बोट काढले तरी चालते. बंद करताना तेच बटण पुन्हा दाबायचे; पण आता त्याने वीज तुटत नाही, फक्त विनंती पोचते. संगणक पाटीवरचे वहीत उतरवतो, वही मिटतो आणि अगदी शेवटी त्या तारेवरचा दाब सोडतो. द्वारपाल दार लावतो. त्यानंतर बॅटरीतून वीज जवळजवळ जात नाही, हा वरचा नफा.

मला वाटले, झाले! पण भाच्याच्या कपाळावरची आठी जाईना. बॅटरीच उतरली तर? भरलेल्या लिथियम घटाचा दाब 4.2 व्होल्ट असतो. तो फार खाली गेला की घटाचे रक्षण करणारे सर्किट तडकाफडकी वीज तोडते. ते घट वाचवते. ओव्यांशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून दाब मोजणारी एक चिप लावावी लागली, कारण या पट्टीला स्वतःहून असा दाब मोजता येत नाही. 3.4 व्होल्ट झाले की चिपकडून ते कळते आणि पदरी शिधा असतानाच संगणक आवरू लागतो.

दसऱ्याला ते यंत्र घेऊन पुन्हा आत्याकडे गेलो. तिने अकरा ओव्या म्हटल्या. उन्हाळ्यातल्या सतरांपैकी चारच. बाकीच्या आठवेनात. “सुचतील तेव्हा ये,” म्हणाली. मी बटण दाबले. कडेचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. आत्या त्याच्याकडे टक लावून बसली. जरा वेळाने हळूच विचारले,

“निजला का रे तो?”

“अजून नाही, आत्या. आवरतोय.”